रिमिक्सवर गुप्त बोलीचा ब्लॉकचेन गेम उभा करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कसला गेम आहे?

पाच-सहा जणांनी मिळून खेळायचा लिलावाचा खेळ. प्रत्येकाला सुरुवातीला १०० पॉइंट मिळतात, मग एकामागून एक पाच कार्डं लिलावाला येतात, प्रत्येक कार्डावर एक आकडा असतो आणि तो सगळ्यांना दिसतो. प्रत्येक कार्डासाठी सगळ्यांनी गुप्त बोली लावायची, सगळ्यात मोठी बोली ज्याची त्याला कार्ड आणि तेवढे पॉइंट त्याच्या खात्यातून वजा. शेवटी ज्याच्या कार्डांची बेरीज जास्त तो जिंकला. उरलेल्या पॉइंटना शेवटी काहीच किंमत नाही, त्यामुळे पॉइंट दाबून बसून चालत नाही आणि पहिल्याच कार्डावर उधळूनही चालत नाही, सगळी मजा तिथेच आहे. खरा पैसा यात कुठेच नाही, आणि तो नसावाच, त्याबद्दल खाली लिहिलंय.

हे तर गुगल फॉर्मवर पण होईल, ब्लॉकचेन कशाला?

होईल की, पण मग फॉर्म ज्याने बनवला त्याला सगळ्यांच्या बोल्या आधीच दिसणार, आणि तो स्वतः खेळत असेल किंवा त्याचा मित्र खेळत असेल तर? ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकत्र ठेवलेली, एकट्या कोणाला बदलता न येणारी नोंदवही. इथे ज्याने गेम उभा केला त्यालाही बोली दिसत नाही आणि त्याला निकालही बदलता येत नाही. या एका गोष्टीसाठीच ही सगळी मेहनत आहे. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचा एका माणसावर पूर्ण विश्वास असेल आणि शिकायचं काही नसेल तर खरंच फॉर्म वापरा, अर्ध्या तासात काम होईल.

काय काय लागतं? काही इन्स्टॉल करावं लागतं का?

रिमिक्स हे ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम लिहायचं टूल ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल काही नाही. सॉलिडिटी या प्रोग्रॅमिंग भाषेत कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम, लिहायचं, तिथेच कंपाइल करायचं, तिथेच डिप्लॉय करायचं, म्हणजे चेनवर चढवायचं. सुरुवातीला वॉलेट (ब्लॉकचेनवरचं खातं सांभाळणारं ॲप) पण नको कारण रिमिक्स व्हीएम म्हणून जे एन्व्हायर्नमेंट असतं त्यात १००-१०० इथरची (इथर म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनचं चलन) खोटी खाती तयार मिळतात, वरच्या ड्रॉपडाउनमधून खातं बदलत राहायचं आणि एकट्यानेच सगळे खेळाडू व्हायचं. सगळा गेम तिथे नीट खेळून झाला की मग मेटामास्क हे वॉलेट टाका आणि टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या ब्लॉकचेनवर, जा. बरेच जण उलटं करतात, पहिल्या दिवशी वॉलेट, दुसऱ्या दिवशी फॉसेट (फुकट टेस्ट इथर देणारी साइट), आणि आठवडा त्यातच जातो, कॉन्ट्रॅक्टची एक ओळ लिहून होत नाही.

एक सांभाळा, रिमिक्समधल्या फाइली तुमच्या ब्राउझरच्या स्टोरेजमध्ये असतात. ब्राउझर डेटा क्लिअर केला तर गेल्या. रोज डाउनलोड करून ठेवा नाहीतर गिटहब या कोड साठवायच्या साइटवर टाका.

कोडला सुरुवात कुठून करू?

आधी कागदावर नियम लिहा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळ्यांना घाई असते. दोन बोल्या सारख्या आल्या तर काय, कोणी बोली लावलीच नाही तर काय, लावली पण उघडली नाही तर काय, खात्यात ३० पॉइंट असताना ४० ची बोली लावली तर काय. माणूस पंच असेल तर तो ऐनवेळी ठरवतो, कॉन्ट्रॅक्ट ठरवत नाही, त्याला जे लिहून दिलं तेवढंच ते करतं आणि एकदा डिप्लॉय झालं की तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

नियम झाले की सॉलिडिटीच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधली ओपन ऑक्शन आणि ब्लाइंड ऑक्शन ही दोन उदाहरणं वाचा, दोन्ही छोटी आहेत. कंपाइलर ०.८ च्या मालिकेतलाच घ्या, जुन्या युट्यूब व्हिडिओत ०.४ किंवा ०.५ असतं, तो कोड तसाच चालणार नाही.

ब्लॉकचेनवर तर सगळं सगळ्यांना दिसतं, मग बोली गुप्त कशी राहणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात महत्त्वाचा पण हाच. आधी एक गैरसमज काढून टाका, सॉलिडिटीत व्हेरिएबलला प्रायव्हेट लिहिलं म्हणजे ते लपलं असं अजिबात नाही. प्रायव्हेटचा अर्थ एवढाच की दुसरं कॉन्ट्रॅक्ट ते थेट वाचू शकत नाही, माणूस मात्र चेनचं स्टोरेज उघडून आरामात वाचतो.

म्हणून बोली दोन टप्प्यांत लावायची. पहिल्या टप्प्यात बोलीचा आकडा पाठवायचाच नाही, त्या आकड्याचा हॅश पाठवायचा, म्हणजे आकड्यापासून ठरावीक सूत्राने निघणारा असा कोड, ज्यावरून मूळ आकडा उलटा काढता येत नाही. सगळ्यांचे हॅश जमा झाले की पहिला टप्पा बंद. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकाने आपला खरा आकडा उघड करायचा, कॉन्ट्रॅक्ट त्याचा पुन्हा हॅश काढून आधीच्याशी जुळवून बघतं, जुळला तर बोली मान्य. याला कमिट-रिव्हील म्हणतात, पहिला टप्पा कमिट, दुसरा रिव्हील. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतात, बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही, तसंच काम इथे हॅश करतो, फक्त इथे नंतर सगळ्यांसमोर रुमाल काढावाच लागतो.

सॉल्ट कशाला? नुसत्या बोलीचा हॅश चालणार नाही का?

नाही, अजिबात नाही. विचार करा, बोली ० ते १०० मध्येच असणार, म्हणजे शक्यता फक्त १०१. समोरचा माणूस १०१ हॅश काढून ठेवतो आणि तुमचा कुठल्याशी जुळतो ते बघतो, लॅपटॉपला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं काम. म्हणून बोलीसोबत एक लांबलचक, कोणाला सुचणार नाही असा शब्द जोडायचा, तो म्हणजे सॉल्ट. स्वतःचं नाव किंवा जन्मतारीख ठेवू नका आणि प्रत्येक राउंडला नवीन ठेवा.

आणि नुसतं सॉल्ट घालूनही भागत नाही! हॅशमध्ये खेळाडूचा पत्ता, म्हणजे त्याच्या वॉलेटचा नंबर, पण मिसळा. का, तर दुसरा खेळाडू तुमचा हॅश जसाच्या तसा कॉपी करून स्वतःच्या नावाने कमिट करू शकतो, त्याला तुमची बोली माहीत नसते पण दुसऱ्या टप्प्यात तुम्ही आकडा आणि सॉल्ट उघड केलं की तेच उचलून तो पण उघड करतो, झाली तुमच्याएवढीच बोली. पत्ता मिसळलेला असेल तर त्याच्या पत्त्याशी हॅश जुळतच नाही. तसाच राउंड नंबर पण मिसळा म्हणजे मागच्या राउंडचा हॅश परत वापरता येणार नाही. थोडक्यात चार गोष्टी: बोली, सॉल्ट, पत्ता, राउंड.

हॅश काढायचा कुठे? कॉन्ट्रॅक्टमध्येच हॅश काढायचं फंक्शन दिलं तर?

द्या, पण ते टेस्टनेटवरच्या कॉन्ट्रॅक्टवर दाबू नका. व्ह्यू किंवा प्युअर फंक्शन दाबलं तर चेनवर काही लिहिलं जात नाही हे खरं, पण तुम्ही ज्या नोडला (चेन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) जोडलेले असता त्याच्या सर्व्हरपर्यंत तुमचा आकडा आणि सॉल्ट तर जातातच. सोपा उपाय, तेच कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या टॅबमध्ये रिमिक्स व्हीएमवर डिप्लॉय करा आणि हॅश तिथे काढा, मग तो कॉपी करून खऱ्या खेळात पेस्ट करा. फक्त व्हीएममधलं खातं वेगळं असतं, म्हणून फंक्शनला पत्ता बाहेरून द्यायची सोय ठेवा, एमएसजी डॉट सेंडर (फंक्शन दाबणाऱ्या खात्याचा पत्ता) आतून घेऊ नका, नाहीतर हॅश खोट्या खात्याचा निघेल आणि उघडताना जुळणार नाही.

आणि सॉल्ट लिहून ठेवा! हॅशवरून सॉल्ट परत काढता येत नाही, कोणालाच नाही. स्पेस, लहान-मोठी अक्षरं, सगळं जसंच्या तसं लागतं.

कोणी बोली उघडलीच नाही तर?

दंड ठेवा. दंड नसेल तर हुशार माणूस शेवटपर्यंत थांबतो, बाकीच्यांच्या बोल्या बघतो आणि आपली बोली जास्तच मोठी लागली असं वाटलं तर गप्प बसतो, त्याचं काहीच जात नाही. हा फक्त आपल्या छोट्या खेळातला विचार नाही, इथेरियम नेम सर्व्हिसने (वॉलेटच्या पत्त्यांना सोपी नावं देणारी सेवा) मे २०१७ मध्ये नावांचा लिलाव याच पद्धतीने सुरू केला होता, बोली लावायला ३ दिवस आणि उघडायला २ दिवस, आणि उघडायला विसरलात तर अनामतीतले ९९.५ टक्के गेले. ते खूप कडक होतं असं मला वाटतं, तिथे खरे पैसे होते. २०१९ मध्ये त्यांनी ती लिलावाची पद्धत बंदच केली.

आपल्या खेळात २० पॉइंट दंड पुरे. पण इथे एक खड्डा आहे तो नीट बघा. समजा खेळाडूकडे १५ च पॉइंट उरलेत आणि दंड २० चा, तुम्ही सरळ १५ मधून २० वजा केले तर ०.८ च्या सॉलिडिटीत शून्याखाली जाता येत नाही, ट्रान्झॅक्शन तिथेच रिव्हर्ट होतं, म्हणजे रद्द होतं. आणि हा हिशेब सगळ्या खेळाडूंचा एकत्र होत असेल तर एकाच्या १५ पॉइंटमुळे अख्खा राउंड कायमचा अडकतो, पुढचं कार्ड येतच नाही. म्हणून आधी तपासा, दंडापेक्षा शिल्लक कमी असेल तर शिल्लक शून्य करा आणि पुढे जा. खात्यात नाहीत तेवढ्या पॉइंटची बोली उघडणाऱ्यालाही हाच दंड लावा, कारण कमिटच्या वेळी आकडा झाकलेला असतो, तेव्हा तपासताच येत नाही.

वेळ संपली तरी राउंड संपत नाहीये, कॉन्ट्रॅक्ट बिघडलंय का?

बिघडलेलं नाहीये. कॉन्ट्रॅक्टला स्वतःहून जाग येत नाही, कोणीतरी ट्रान्झॅक्शन पाठवून त्याला हलवावं लागतं. वेळ संपली की हिशेबाचं बटण कोणीतरी दाबायचं, मग कॉन्ट्रॅक्ट ब्लॉकची (चेनवर एकदम चढणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या गठ्ठ्याची) वेळ बघतं आणि हिशेब करतं. ते बटण फक्त आयोजकालाच दाबता येईल असं ठेवू नका, आयोजक झोपला किंवा रुसला तर खेळ अडकला, कोणालाही दाबू द्या, निकाल तर तोच लागणार.

वेळ सेकंदांवर तासून ठेवू नका. इथेरियमवर सप्टेंबर २०२२ च्या मर्ज नावाच्या मोठ्या बदलानंतर दर १२ सेकंदांना ब्लॉकची पाळी येते, कधी एखादी पाळी रिकामी जाते. कमिटला १० मिनिटं आणि उघडायला १० मिनिटं ठेवली तर एका वर्गात बसून खेळायला ठीक, घरून खेळणार असाल तर एकेक दिवस द्या.

गुप्त बोलीच का? उघड बोली, शेवटचा बोलणारा जिंकला, असा गेम जास्त थरारक होईल ना?

थरारक होतो, पण मग शेवटच्या क्षणाची मारामारी सुरू होते आणि तिथे हुशारीपेक्षा गॅसवर, म्हणजे ट्रान्झॅक्शन चालवायला लागणाऱ्या कामाच्या फीवर, जास्त खर्च कोण करतो त्यावर ठरतं. फोमो थ्रीडी नावाचा गेम २०१८ मध्ये याच कारणाने गाजला. त्यात इथर देऊन चाव्या विकत घ्यायच्या, टायमर संपताना शेवटची चावी ज्याच्याकडे त्याला मोठं बक्षीस, आणि प्रत्येक नवीन खरेदीने टायमर वाढायचा, त्यामुळे लोकांना वाटलं हा कधी संपणारच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये एकाने चावी घेतली आणि मग भरपूर गॅस खाणारी ट्रान्झॅक्शनं जास्त फी देऊन अशी सोडली की ब्लॉक भरून गेले, बाकीच्यांच्या खरेदीला ब्लॉकमध्ये जागाच मिळाली नाही आणि टायमर संपला. तो १०,४६९ इथर घेऊन गेला. कोडमध्ये बग नव्हता, नियमातच फट होती.

उघड बोलीच हवी असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की मुदत पाच मिनिटांनी वाढवा, आणि अशा वाढीची पण एक कमाल मर्यादा ठेवा.

जिंकणाऱ्याने स्वतःची बोली भरायची की दुसऱ्या नंबरची?

दोन्ही करता येतं, कोडमध्ये एक जादा व्हेरिएबल लागतं. दुसऱ्या नंबरची किंमत भरायची पद्धत विल्यम व्हिकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ च्या लेखात मांडली, पुढे १९९६ ला त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात एकाच वस्तूचा लिलाव असेल तर मनातली खरी किंमत लिहिणं हीच सगळ्यात चांगली चाल ठरते. पण आपल्याकडे पाच कार्डं आणि एकच बजेट, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा लागू होत नाही, पुढच्या कार्डांसाठी पॉइंट वाचवायचा विचार येतोच. पहिल्यांदा खेळताना स्वतःची बोली भरायची पद्धत ठेवा, समजायला सोपी पडते.

दोन बोल्या सारख्या आल्या तर?

ज्याने आधी कमिट केलं तो जिंकला. कोड लिहिताना सहज काय होतं की नवी बोली आधीच्या कमालपेक्षा मोठी असेल तरच बदलायची असं लिहिलं जातं, मग जो आधी उघडतो तो जिंकतो आणि लोक उघडायला धावाधाव करतात. कमिटचा क्रमांक साठवा आणि बरोबरीला तो बघा.

एकाच माणसाने पाच वॉलेट काढून खेळलं तर?

कॉन्ट्रॅक्टला माणूस दिसत नाही, पत्ता दिसतो. म्हणून खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांचे पत्ते गोळा करून यादी डिप्लॉय करतानाच द्या, यादीबाहेरच्याला प्रवेश नाही. यामुळे खेळाडूंची संख्या पण ठरलेली राहते, नाहीतर हिशेबाचा लूप वाढत गेला की गॅस पुरत नाही.

पॉइंटऐवजी टेस्ट इथर लावून खेळलो तर?

शिकायला चांगलं आहे, पण दोन गोष्टी डोक्यात ठेवून. एक, प्रत्येकाला फॉसेटमधून सारखं इथर मिळत नाही, त्यामुळे खेळ बरोबरीचा राहत नाही, आणि कमिटसोबत किती इथर जोडलं ते सगळ्यांना दिसतं म्हणजे गुप्त बोलीचा अंदाज लागतो.

दुसरी गोष्ट, हरलेल्याचे पैसे परत करताना ते कॉन्ट्रॅक्टने स्वतःहून पाठवू नयेत, ज्याचे त्याने येऊन काढावेत. किंग ऑफ द इथर थ्रोन नावाचा गेम होता, जास्त पैसे देणारा नवा राजा आणि जुन्या राजाला भरपाई. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यात काहींच्या भरपाया पोचल्याच नाहीत, कारण त्यांची वॉलेट स्वतःच कॉन्ट्रॅक्ट होती आणि सेंड या पैसे पाठवायच्या फंक्शनसोबत जाणारा २३०० गॅस त्यांना पुरला नाही, आणि सेंड फेल झालं हे गेमच्या कोडने तपासलंच नव्हतं. आता तपासलं आणि फेल झालं की रिव्हर्ट केलं तर उलटा त्रास, एखादा मुद्दाम पैसे न स्वीकारणारं कॉन्ट्रॅक्ट बनवून बोली लावतो आणि त्याच्यावर कोणालाच बोली लावता येत नाही. म्हणून विथड्रॉ नावाचं वेगळं फंक्शन, आणि त्यात आधी शिल्लक शून्य करायची, नंतर पैसे पाठवायचे. हा क्रम उलटा असला की काय होतं ते जून २०१६ मध्ये द डाओ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक फंडाच्या वेळी जगाने बघितलं, साधारण ३६ लाख इथर तिथून निघून गेलं.

टेस्टनेट कोणतं घेऊ?

सेपोलिया. चेन आयडी १११५५१११. जुन्या व्हिडिओंमध्ये रॉप्स्टन, रिंकबी, गोएर्ली दिसतील, ती बंद झालीत, त्यांच्या मागे लागू नका. सेपोलियाचं इथर फुकट मिळतं, कोणी विकत देत असेल तर घेऊ नका, आणि कुठल्याही फॉसेटला सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) लागत नाही, फक्त पत्ता लागतो. टेस्टिंगसाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करून त्यात नवं वॉलेट ठेवा, ज्यात एक रुपयाही नाही असं.

नेहमी येणारे एरर?

रिमिक्समध्ये "गॅस एस्टिमेशन फेल्ड" अशी खिडकी येते आणि तरी पाठवायचं का विचारते. पाठवू नका. बहुतेक वेळा अर्थ एवढाच की कॉन्ट्रॅक्टमधली कुठलीतरी अट मोडतेय, टप्पा बंद झालाय किंवा हॅश जुळत नाहीये. म्हणून प्रत्येक अटीला कारण लिहा, म्हणजे तिथेच कळेल.

दुसरा, फंक्शन पेएबल (इथर स्वीकारणारं) नाही अशी तक्रार. वरच्या व्हॅल्यूच्या चौकटीत मागच्या वेळचा आकडा राहून गेलेला असतो, तो शून्य करा. त्याच चौकटीशेजारी एकक असतं, ते वेईवर असेल आणि तुम्ही १ लिहिलं तर १ इथर नाही गेलं, १ वेई गेलं, म्हणजे इथरचा १ वर १८ शून्यं इतका बारीक भाग.

पान रिफ्रेश केल्यावर डिप्लॉय केलेलं कॉन्ट्रॅक्ट दिसेनासं झालं तर घाबरू नका, टेस्टनेटवर ते आहेच, पत्ता लिहून ठेवलेला असेल तर ॲट ॲड्रेसमध्ये टाकून परत आणता येतं. बाकी खेळाडू पण असेच जोडतात, तोच सोर्स कोड कंपाइल करून आणि तुमचा पत्ता टाकून.

डिप्लॉय केल्यावर चूक सापडली तर?

दुरुस्त करून नवीन डिप्लॉय, नवीन पत्ता, खेळ पहिल्यापासून. आणि इथरस्कॅन या चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर सोर्स कोड व्हेरिफाय करा म्हणजे खेळाडूंना नियम वाचता येतील, त्यासाठी कंपाइलरचं व्हर्जन आणि ऑप्टिमायझरचं सेटिंग अगदी तेच लागतं, दोन्ही टिपून ठेवा.

युट्यूबवर एक कोड मिळाला, रिमिक्समध्ये पेस्ट करून इथर टाकलं की आपोआप नफा मिळतो म्हणतात, करू का?

नका करू! हा फसवणुकीचा जुना आणि चालू प्रकार आहे. बॉट म्हणून दाखवलेल्या त्या कोडमध्ये चोराचा पत्ता तुकड्यातुकड्यांनी लपवलेला असतो, स्टार्ट दाबलं की तुम्ही टाकलेलं इथर त्याच्याकडे जातं. रिमिक्स टूल चांगलं आहे, पण त्यात पेस्ट केलेला कोड कोणाचा आहे हे ते सांगत नाही. जो कोड तुम्हाला ओळीओळीने समजत नाही त्यात खरे पैसे घालू नका.

खऱ्या पैशांवर हाच गेम चालवला तर? एन्ट्री फी अगदी १०-२० रुपये ठेवून?

भारतात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, त्यात पैसे लावून, पैसे मिळण्याच्या अपेक्षेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. "आमच्याकडे पैसे नाहीत, टोकन आहे" ही पळवाट पण चालत नाही, पैसे देऊन घेतलेली नाणी, क्रेडिट, टोकन त्यात धरलीत. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कॉलेजातल्या मुलांनी गंमत म्हणून सुद्धा हे करू नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय आपण लिहिलेल्या कोडचं ऑडिट झालेलं नाही, त्यात दुसऱ्याचे पैसे ठेवणंच चूक.

खेळ संपल्यावर कॉन्ट्रॅक्ट डिलीट कसं करायचं?

डिलीट करायची गरज नाही आणि केलं तरी जुनी ट्रान्झॅक्शनं पुसली जात नाहीत. कोणी किती बोली लावली हे ते टेस्टनेट चालू आहे तोपर्यंत कोणालाही बघता येतं, म्हणून खेळाडूंच्या नावांची आणि पत्त्यांची यादी ग्रुपवर किंवा गिटहबवर उघडी टाकू नका, ती आयोजकाकडेच राहू द्या. पुढच्या वेळी खेळायला तेच कॉन्ट्रॅक्ट नको, नवीन यादी घेऊन नवीन डिप्लॉय करा.